मान नको, पगार द्या

स्पॅनिश शिकायला बसलेल्या मराठी माणसाला पहिल्याच महिन्यात एक शब्द फुकटात मिळतो : पगार. हॉटेलचं बिल चुकतं करा, घरभाडं द्या, दंड भरा, उधारी फेडा. या सगळ्याला स्पॅनिशमध्ये क्रियापद एकच, पगार. म्हणजे देणं भागवणे. आपल्याकडे महिन्याच्या एक तारखेला ज्याची वाट पाहतात तोच हा शब्द, फक्त तिकडे तो क्रियापद आहे आणि इकडे नाम.

हे कळल्याबरोबर आपल्याकडे दोन प्रकारची माणसं बोलायला लागतात. पहिला म्हणतो, "बघा, फिरंग्यांचा शब्द, काढून टाका. वेतन म्हणा." दुसरा म्हणतो, "छे, त्यांनीच आपल्याकडून नेला असणार. सगळं संस्कृतातूनच तर गेलंय." हा दुसरा आता मोबाइलवर राहतो, पण त्याची परंपरा जुनी आहे. पु. ना. ओकांनी व्हॅटिकनची 'वाटिका' करून ठेवली, त्यालाही बरीच वर्षं झाली.

या दोघांचं भांडण शब्दाच्या जन्मदाखल्यावरून आहे. एकाला तो परका म्हणून नकोसा, दुसऱ्याला आपला ठरवून हवासा. शब्द म्हणतो काय, हे दोघांपैकी एकानेही विचारलेलं नाही. माझं म्हणणं असं की पगार या शब्दाच्या पोटात एक कबुली आहे, आणि ती फार मोलाची आहे : काम करून घेणारा हा काम करणाऱ्याचं देणं लागतो. ही कबुली द्यावी लागू नये म्हणून आपल्या राज्यव्यवहाराने 'मानधन' नावाचा एक देखणा, शुद्ध, संस्कृत शब्द पुढे केला. त्या शब्दाआड लाखो बायकांचं देणं बुडवलं जातंय, आणि भाषेची काळजी वाहणारे आपण मात्र पगार पोर्तुगीज की संस्कृत यात गुंतलो आहोत.

शब्दाच्या पोटात काय आहे

आधी शब्दाचा प्रवास पाहू. तो सरळ आहे आणि त्याबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नाही.

लॅटिनमध्ये 'पाक्स' म्हणजे शांतता, पण नुसती निवांत शांतता नव्हे. दोन पक्षांत ठरलेला तह. करार या अर्थाचा लॅटिन 'पाक्तुम' याच कुळातला. पाक्सवरून क्रियापद झालं 'पाकारे' : शांत करणे, तहावर आणणे. रोमन सेनानी एखादा प्रांत 'शांत केला' असं म्हणत, तेव्हा त्याचा अर्थ जिंकला, दाबला असाही होई. पुढे उत्तरकालीन लॅटिनमध्ये हे क्रियापद बाजारात उतरलं. सावकार दारात उभा आहे, त्याचं समाधान करायचं आहे. त्याला 'शांत करणे' म्हणजे त्याचे पैसे देऊन टाकणे. मग पैसे देणे हाच मुख्य अर्थ झाला. इटालियनमध्ये 'पगारे', फ्रेंचमध्ये 'पेये', फ्रेंचमधून इंग्रजीत 'पे', आणि स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये 'पगार'. शांततेला स्पॅनिशमध्ये आजही 'पास' म्हणतात. तो आणि पगार ही एकाच घरातली भावंडं.

मधल्या 'क'चा 'ग' का झाला? स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांच्या मधला 'क' असाच मऊ होतो. लॅटिन 'आमिकुस'चा स्पॅनिश 'आमिगो', म्हणजे मित्र. 'लाकुस'चा 'लागो', म्हणजे तळं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. काक-काग आणि बक-बगळा या जोड्या आपल्याही घरात आहेत. व्युत्पत्ती अशी नियमांनी चालते. नुसत्या आवाजावर गेलात तर मलय भाषेतही 'पगार' सापडेल. तिथे त्याचा अर्थ कुंपण, आणि त्याचा आपल्या पगाराशी काडीचाही संबंध नाही.

मराठीत शब्द आला तो पोर्तुगीजांकडून. गोवा, चौल, वसई या पट्ट्यात त्यांचा अंमल बसला आणि त्यांच्या बोलीतले पुष्कळ शब्द किनाऱ्यावरून घाट चढून वर आले. चावी, पिंप, घमेलं, लिलाव, तुरुंग; यांतला एकही आज आपल्याला परका वाटत नाही. गोव्यातल्या आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश १९१३ मध्ये सिद्ध केला. असल्या शब्दांबद्दल छातीठोकपणे बोलता येतं ते अशा कामामुळे. वाद घालणाऱ्यांनी तो निदान चाळावा.

आता या प्रवासातली मुद्द्याची गोष्ट. 'शांत करणे'पासून 'पैसे देणे'पर्यंत येताना शब्दाने एक गोष्ट सोडली नाही : कुणाचं तरी देणं आहे. ज्याचं देणं आहे तो दारात उभा आहे, त्याचा हक्क आहे, तो मिळेपर्यंत तो शांत बसणार नाही, आणि त्याला शांत करणं ही देणाऱ्याची जबाबदारी आहे. तह दोन पक्षांत होतो. तहात कुणी कुणावर मेहेरबानी करत नाही.

शुद्धिवाद्यांचा लाडका 'वेतन' हा शब्दही याच बाजूचा आहे, हे त्यांना सांगितलं पाहिजे. तो काही विसाव्या शतकात घडवलेला नाही. वेतनावर जगणारा तो वैतनिक, हे पाणिनीने नोंदवून ठेवलं आहे. मनुस्मृतीने खटल्यांचे अठरा विषय सांगितले, त्यांत ठरलेलं वेतन न देणं हा एक स्वतंत्र विषय आहे. त्या ग्रंथात बाकी काय काय आहे ते आपल्याला ठाऊक आहेच. पण वेतन न देणं हा गुन्हा आहे एवढं त्यालाही कळत होतं. तेव्हा पगार म्हणा की वेतन, दोन्ही शब्द देण्याची कबुली देतात. भांडण या दोघांत नाहीच. भांडण आहे ते या दोघांना टाळणाऱ्या शब्दांशी.

राहूच्या शिवारातले शब्द

हे शब्द कुठे ऐकू येतात ते पाहायला दौंड तालुक्यातल्या राहूला चला. मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या बेचक्यातला हा भाग, 'राहू बेट' म्हणून ओळखला जाणारा. पाणी आहे म्हणून ऊस आहे, ऊस आहे म्हणून गुऱ्हाळं आहेत, आणि पलीकडे शिरूरपासून दौंडपर्यंत साखर कारखान्यांच्या टोळ्या फडात उतरतात. (गावाचं नाव ऐकून कुणाला ग्रह आठवेल, कुणाला 'आपण इथंच राहू'. दोघांचा पुरावा फक्त आवाजाचा. मघाच्या मलय कुंपणाची गोष्ट इथेही लागू.)

अशा गावात कामाच्या पैशाला किती नावं आहेत ते मोजा. शाळेतल्या कायम शिक्षकाला, तलाठ्याला, बँकेतल्या कारकुनाला मिळतो तो पगार. शेतात खुरपायला गेलेल्या बाईला मिळतो तो रोज, किंवा हजेरी. वर्षभर एकाच्या घरी राबणारा सालगडी साल घालतो. टोळीने अंगावर घेतलेलं काम उक्तं. गुऱ्हाळावर गुळव्या आणि जळव्या, त्यांतले कितीतरी आता उत्तर प्रदेशातून आलेले, त्यांचा हिशेब वेगळा. आणि ऊस तोडायला बीड, जालना, अहिल्यानगरच्या कोरडवाहू पट्ट्यातून आलेल्या जोडप्याने घेतलेली असते ती उचल.

हे सगळे समानार्थी शब्द नाहीत. प्रत्येकात कोण कुणाचं देणं लागतो हे वेगळं लिहिलेलं आहे.

'रोज' घ्या. फारसीत रोज म्हणजे दिवस. दिवसाचंच नाव पैशाला पडलं. उद्याची हमी त्यात नाही. स्पॅनिशमध्येही हुबेहूब असाच शब्द आहे. दिवस या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून 'खोर्नाल', म्हणजे दिवसाची मजुरी, आणि तिच्यावर जगणारा तो 'खोर्नालेरो'. स्पेनच्या दक्षिणेला आंदालुसियात मोठ्या जमीनदारांच्या शेतांवर राबणारे भूमिहीन याच नावाने ओळखले जातात. दौंडचा रोजंदार आणि तिकडचा खोर्नालेरो यांची गाठ पडली तर भाषेची अडचण येईल, अर्थाची येणार नाही. तरीही रोज हा प्रामाणिक शब्द आहे. आजचं काम, आजचे पैसे. देणं आहे, फक्त ते संध्याकाळी संपतं.

'उचल'मध्ये मात्र सगळं उलटं होतं. हंगामाच्या आधीच मुकादमाकडून पैसे उचललेले असतात. आता देणं कारखान्याचं नाही. देणेकरी आहे तो तोडणी कामगार. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हत्याराचंच नाव माणसांना. खाडा पडला की दंड, तो नको म्हणून बाई दुखतं-खुपतं अंगावर काढून फडात उतरते. हंगाम संपताना 'उचल फिटली का' असं विचारतात, 'मजुरी मिळाली का' असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला, ती चांगलीच गोष्ट. पण दर कितीही वाढला तरी तो आधी घेतलेल्या उचलीतूनच वळता होणार असेल, तर राबणारा कायम देणेकरीच राहतो. लॅटिनमध्ये ज्याला शांत करायचं होतं तो मागणारा इथे गुन्हेगारासारखा मान खाली घालून उभा आहे. पळून गेला तर त्याला शोधायला माणसं जातात. कारखान्याकडे पैसे थकले म्हणून कारखान्याला उचलून आणायला कुणी गेल्याचं ऐकिवात नाही.

आपली क्रियापदंही हेच सांगतात. पगार होतो, नाही झाला तर तो थकतो, आणि थकीत पगाराची नोंद राहते, त्यावर मोर्चा निघतो. मजुरी मिळते; नाही मिळाली तर बुडते. उचल फेडायची असते. आणि मानधन? मानधन मंजूर होतं, अदा केलं जातं, आणि नसलं तर रखडतं. थकतं ते देणं. रखडते ती फाइल.

मजुरीची मेहेरबानी कशी होते

आता मानधनाकडे वळू, पण त्याआधी आणखी एक लॅटिन शब्द. पगारच्या उलट दिशेने गेलेला.

लॅटिनमध्ये मजुरीला नेहमीचा शब्द होता 'मेर्केस'. केलेल्या कामाचा ठरलेला मोबदला. भाडोत्री सैनिकाला इंग्रजीत 'मर्सिनरी' म्हणतात तो यावरूनच. पण हाच शब्द पुढे स्पॅनिशमध्ये 'मेर्सेद' झाला आणि त्याचा अर्थ झाला कृपा, मेहेरबानी. इंग्रजीतली 'मर्सी', म्हणजे दया, तीही हीच. मोठ्या माणसाला 'आपली मेर्सेद' म्हणता म्हणता त्यातून स्पॅनिशमधलं आदरार्थी 'तुम्ही' निघालं. म्हणजे एक शब्द तहापासून निघून हक्काच्या पैशापर्यंत आला, आणि दुसरा हक्काच्या पैशापासून निघून मालकाच्या कृपेपर्यंत गेला. देणं आणि दया यांत फक्त एका घसरणीचं अंतर आहे.

स्पॅनिशमध्ये ही घसरण शतकानुशतकं, नकळत झाली. आपल्याकडे ती शासन निर्णयांतून, सही-शिक्क्यानिशी झाली.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. गावातल्या सहा वर्षांखालच्या मुलांचं वजन, आहार, लसीकरणाची आठवण, पूर्वशालेय शिक्षण, गरोदर बायकांच्या नोंदी, ही सगळी कामं अंगणवाडीची. ती करणारी बाई 'सेविका', तिच्या हाताखालची 'मदतनीस'. २००५ पासून आरोग्य अभियानात आली ती 'आशा', मराठीत 'स्वयंसेविका'. या नावांकडे नीट पाहा. सेविका सेवा करते, मदतनीस मदत करते, स्वयंसेविका आपणहून करते. तिघींपैकी एकही 'कर्मचारी' नाही. नावातच काम नाही म्हटल्यावर कामाचे पैसे तरी कुठून असणार? म्हणून मानधन.

आकडे पाहा. राज्याच्या मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात सेविकेचं मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये केलं, मदतनिसीचं ४,४२५ वरून ५,५००. महिन्याचे २६ दिवस धरले तर मदतनिसीला दिवसाला २११ रुपये. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर २७३ रुपये होता. म्हणजे खड्डा खणायला गेली असती तर तिला रोजी ६२ रुपये जास्त मिळाले असते. फक्त मान मिळाला नसता.

दिवाळीला या बायकांना बोनस मिळत नाही. 'भाऊबीज भेट' मिळते. काही वर्षं ती २,००० रुपये होती. आपल्या सरकारी भाषेतली ही सर्वात निर्ढावलेली शब्दयोजना असेल. बोनस मागता येतो, त्याचा कायदा आहे, त्यासाठी भांडता येतं. भावाने ओवाळणीत किती टाकले यावर बहिणीने भांडायचं नसतं. मालकाचा भाऊ केला की हिशेब संपतो आणि माया सुरू होते. मेर्केसची मेर्सेद करायला स्पॅनिशला काही शतकं लागली. आपण ते एका परिपत्रकात केलं.

या बायकांपुरतंच हे नाही. महाराष्ट्रात २००० पासून नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षं 'शिक्षण सेवक' म्हणतात आणि पगाराऐवजी मानधन देतात. प्राथमिकचा हा आकडा वर्षानुवर्षं ६,००० होता, तो २०२३ मध्ये १६,००० झाला. शिक्षक म्हटलं की वेतनश्रेणी लागते. सेवक म्हटलं की नाही लागत. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे पीएच.डी. झालेले लोक आहेत. त्यांचे सुट्ट्यांचे महिने कोरडे जातात, कारण तास नाही तर पैसे नाहीत. शिवारातला रोज असा विद्यापीठात पोचला आहे. पण तिथे त्याला रोज म्हणायची हिंमत नाही, म्हणून 'तत्त्व' म्हणतात.

काही आक्षेप

"मानधन हा पगारापेक्षा सन्मानाचा शब्द आहे," असं म्हणणारे भेटतात. मग या शब्दाचंही मूळ बघू. शुद्ध संस्कृतात मानधन हे पैशाचं नाव नाहीच. ते माणसाचं विशेषण आहे. मान हेच ज्याचं धन, असा तो मानधन. भारवीच्या 'किरातार्जुनीया'त पहिल्याच सर्गात दुर्योधनाच्या धनुर्धरांना मानधन म्हटलं आहे. आणि लगेच पुढे असंही म्हटलं आहे की राजा त्यांचा सत्कार धनाने करत असे. दुर्योधनालाही कळत होतं की मानी माणसाला नुसत्या मानावर ठेवता येत नाही. आपण जुना शब्द उचलला आणि पुढचा अर्धा भाग सोडून दिला. मान हेच जिचं धन अशी ती अंगणवाडी सेविका, हा अर्थ आज भयंकर खरा आहे.

ज्या इंग्रजी 'ऑनररियम'साठी आपण मानधन वापरतो त्याचाही इतिहास बोलका आहे. रोममध्ये ख्रिस्तपूर्व २०४ च्या एका कायद्याने वकिलाला वकिलीचे पैसे घ्यायला बंदी केली. प्रतिष्ठित माणसाने श्रम विकायचे नसतात, अशी समजूत. पैसे तर हवे होते. मग ते 'सन्मानादाखल' दिले जाऊ लागले. पुढे हे सन्मान इतके माजले की सम्राट क्लॉडियसला दहा हजार सेस्टर्सची मर्यादा घालावी लागली. म्हणजे हा शब्द जन्मला तो श्रीमंतांच्या सोयीसाठी : ज्यांचं पोट पगारावर नव्हतं, ज्यांना मजूर म्हणवून घेणं कमीपणाचं वाटे, त्यांना पैसे घेता यावेत म्हणून. तो शब्द आपण अशा बाईला लावला जिचं पोट या पैशावरच आहे. श्रीमंताचं ते पांघरूण होतं; तिचं मात्र उघडं पडणं झालं.

दुसरा आक्षेप माझ्याच बाजूच्या लोकांचा. "शब्दांचं काय घेऊन बसलात? आकडा वाढवा, नाव काहीही ठेवा." हे बरोबर वाटतं, पण नाही. कारण आकडा अडतो तो शब्दापाशीच. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकच्या एका प्रकरणात म्हटलं की अंगणवाडी सेविका या शासकीय पदावर नाहीत. पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक मागणीला हे उत्तर मिळत राहिलं. मग २५ एप्रिल २०२२ ला गुजरातमधल्या सेविकांच्या ग्रॅच्युइटीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाचे न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्यासमोर प्रश्न आला तो असा : मानधन म्हणजे 'वेज' का? कामाबद्दल मिळतं ते, नाव काहीही असलं तरी, ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरतं वेतनच आहे, असा निकाल लागला आणि ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य झाला. सगळा खटला एका शब्दाच्या अर्थावर उभा होता. शब्दाने पोट भरत नाही हे खरं. पण शब्दाने पोट मारता येतं.

तिसरा आक्षेप : "ही काही तासांचीच कामं आहेत." असतील. अर्धा वेळ काम असेल तर अर्धा पगार म्हणा. वेळ कमी झाल्याने देण्याची रक्कम कमी होते, देण्याचं नातं बदलत नाही. आणि काम खरोखर किती तासांचं आहे हे पाहायचं तर २०२४ चा पावसाळा आठवा. लाडक्या बहिणींचे अर्ज भरायला कोण बसलं होतं? याच सेविका, अर्जामागे ५० रुपयांच्या प्रोत्साहन भत्त्याच्या आश्वासनावर. पैसे लाडक्या बहिणीला, काम राबत्या बहिणीला.

चौथा : "तिजोरीत पैसा नाही." हा एकच आक्षेप मला प्रामाणिक वाटतो. पण मग तसं म्हणा. "आम्ही तुमचं देणं लागतो, आज सगळं देता येत नाही" असं म्हणणं म्हणजे कर्ज मान्य करणं. कर्ज मान्य झालं की ते कधी फेडणार हे विचारता येतं. मे २०१३ मधल्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या अशी शिफारस केली होती. ती सरकार, मालक आणि कामगार संघटना या तिन्ही बाजू जिथे बसतात अशा सभेची होती. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, तो संप जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत, पन्नासेक दिवस चालला. मानधनवाढ हवीच होती. पण ग्रॅच्युइटी आणि पेन्शनच्या मागण्याही होत्या. ग्रॅच्युइटी आणि पेन्शन बहिणीला मिळत नाही. ती कर्मचाऱ्याला मिळते.

आपल्या घरातलं मानधन

हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जण लिहिणारे-बोलणारे आहेत, तेव्हा थोडं आपल्याकडेही पाहू. मानधन हा शब्द आपल्याच अंगणातून सरकारात गेला. व्याख्यानमालेचा वक्ता, संमेलनाचा निमंत्रित, दिवाळी अंकाचा लेखक यांना जे पाकीट दिलं जातं, ते मानधन. त्यात फारसा अन्याय नव्हता, कारण त्या वक्त्याचा पगार दुसरीकडे चालू असे. प्राध्यापक, बँकेतला अधिकारी, सरकारी नोकर हाच बहुतेक आपला लेखक. पोट पगारावर, पाकीट मानाचं. साहित्यव्यवहाराने ही पद्धत इतकी अंगवळणी पाडून घेतली की लेखनाचे पैसे मागणं हे असभ्य ठरलं. ज्याला पगार नाही असा माणूस लिहायला बसला की त्याच्या ते लक्षात येतं. चित्रकार, मुद्रितशोधक, अनुवादक यांना आपण मान देतो आणि त्यांच्या फोनला उत्तर देत नाही.

म्हणून शब्दशुद्धीचा हा विषय भाषाप्रेमींच्या अंगावर आणायला हवा. भाषाशुद्धीच्या चळवळीने पगाराला वेतन हा पर्याय पुढे केला, पोर्तुगीज शब्द जावा म्हणून. पगार काही गेला नाही. पण वेतनही त्या मोठ्या वर्गापर्यंत पोचलं नाही, ज्याला त्याची खरी गरज होती. शुद्ध शब्द मंत्रालयाच्या फलकांवर चढले, विद्यापीठांच्या परिपत्रकांत बसले, आणि देणं टाळायचं होतं तिथे त्याच शुद्ध संस्कृताने मानधन, सेविका, स्वयंसेविका असे शब्द पुरवले. परक्या पगाराने कुणाचं नुकसान केलं नाही. घरच्या मानधनाने केलं.

तेव्हा शुद्धिवाद्यांपुढे मी एक व्यवहार ठेवतो. पगार हा शब्द मी आनंदाने सोडतो. दालगादोंच्या कोशात तो सुरक्षित आहे, स्पॅनिश माणूस तो रोज वापरतो, त्याची चिंता नको. तुम्ही म्हणाल तो वेतन घेऊ. पाणिनीचा आहे, उत्तम आहे. पण मग तुम्ही एवढं करा : पुढच्या वेळी राज्य सरकार अंगणवाडीचा शासन निर्णय काढेल, तेव्हा त्यात मानधन हा शब्द दिसला की तेवढ्याच जोराने आरडाओरडा करा, जेवढा एखाद्या पाटीवर इंग्रजी अक्षर दिसल्यावर करता. त्या कागदावर वेतन लिहायला लावा. सेविका खोडून कर्मचारी लिहायला लावा. भाऊबीज भेट खोडून बोनस लिहायला लावा. तो शब्द लॅटिन आहे, तेवढा चालवून घ्या.

राहूच्या शिवारात खुरपणाऱ्या बाईला संध्याकाळी रोज मिळतो, तेव्हा तो शब्द फारसी आहे म्हणून ती परत करत नाही. तिला तेवढं कळतं. आपल्यालाही कळायला हरकत नाही.